अर्ध्यावर थांबण्याची विद्या

इंग्रजी क्रियापदाला त्याचं योग्य शब्दयोगी अव्यय जोडता आलं, की माणूस जगाच्या पाठीवर कुठंही जाऊ शकतो. हे वाक्य मी चौतीस वर्षं, दर जूनमध्ये, आठवीच्या नव्या वर्गासमोर पहिल्याच तासाला म्हटलं. आवाज खाली आणून, खिडकीबाहेर दूर कुठंतरी बघत. मुलंही मग खिडकीबाहेर बघायची, तिथं काय आहे ते शोधत. सगळी अव्ययं तोंडपाठ असलेला मी स्वतः ह्या चौतीस वर्षांत म्हसावदहून खांडबाऱ्याला गेलो आणि बदली होऊन खांडबाऱ्याहून परत म्हसावदला आलो. निवृत्तीनंतर लोणखेड्याला घर बांधलं. जगाची पाठ माझ्या बाबतीत तिथं संपते.

ह्या अंकाच्या संपादकांनी 'सेवाकाळातले प्रेरक प्रसंग' लिहून मागितले आहेत. मी आठवडाभर आठवून पाहिलं. प्रेरक म्हणावं असं काही सापडलं नाही. एका चांगल्या नर्सची नोकरी माझ्यामुळं जवळजवळ गेली होती, तो प्रसंग आहे. तो सांगतो. मात्र त्याआधी आमचा धंदा काय असतो, ते सांगितलं पाहिजे.

मराठीत आपण 'तुझ्यावर अवलंबून', 'तुझ्याशी बोललो', 'तुझ्याकडे बघतो' असं म्हणतो. वर, शी, कडे ही सगळी मंडळी माणसाला चिकटून बसतात. इंग्रजीत ती क्रियापदाच्या शेजारी बसतात, आणि कोणी कोणाशेजारी बसायचं हे आधीच ठरलेलं असतं. डिपेंडला ऑन. वेटला फॉर. लिसनला टू. का, असं विचारायचं नाही. आमच्याकडे सोयरीक कुठल्या गावात झाली हे विचारतात, का झाली हे कोणी विचारत नाही, तसंच. पुढं एका क्रियापदामागून दुसरं आलं की आणखी भानगड. वॉन्ट, डिसाइड, होप ह्यांच्या दारात टू उभा असतो, त्याला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. एन्जॉय, अव्हॉइड, माइंड ह्यांना टू खपत नाही, त्यांना आयएनजीच लागतं. मेक आणि लेट तर टू आणि आयएनजी दोघांनाही दारात उभं करत नाहीत. आणि डिस्कस हे एक बैरागी क्रियापद आहे, त्याला कोणीच लागत नाही. मी ज्या ज्या शिक्षक-सभेला हजर होतो, त्या प्रत्येक सभेत त्याच्या गळ्यात अबाउट बांधला गेला. पहिली दोन वर्षं मी हात वर करून सांगायचो. तिसऱ्या वर्षापासून चहा प्यायला लागलो.

बाहेरच्या जगाला ह्या जोड्यांची फिकीर नसते, हे मला लवकर कळलं. म्हसावदजवळच्या एका गावच्या सरपंचांनी बसथांब्यावर इंग्रजीत फलक रंगवून घेतला. त्यांना लिहायचं होतं, 'इथं थुंकणं बंद करा.' रंगाऱ्यानं स्पिटच्या मागचं आयएनजी काढून पुढं टू घातला, त्यामुळं अर्थ झाला, 'इथं थुंकण्यासाठी थांबा.' मी सरपंचांना घरी जाऊन नम्रपणे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," ते म्हणाले, "आते लोके चालता चालता थुंकतस. थांबीसन थुंकतीन, तेबी सुधारनाच शे."

फलक अजून आहे. आता खरोखर तिथं थांबून थुंकतात.

आता खांडबाऱ्याबद्दल. तिथं माझ्या वर्गात सत्तर मुलं असायची, निम्म्याहून अधिक नवापूरच्या डोंगरपट्ट्यातली. घरी मावची, बाजारात अहिराणी, मामाकडे गेलं की गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत मराठी. अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकावर मी 'भाषा कच्ची' असा शेरा लिहीत असे. लाल शाईनं लिहीत असे. पाच भाषा बोलणाऱ्या पोराला दोन भाषा बोलणारा मास्तर कच्चा म्हणतो आहे, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही आणि पालकांच्याही. ते बिचारे अंगठा उमटवून पुस्तक परत पाठवायचे.

ही मुलं एकेकटी बोलत नसत. उभं केलं की मान खाली, पायाचा अंगठा फरशीवर. येत नसे असं नाही. एकट्यानं चुकायला धीर लागतो. सत्तर जणांबरोबर चुकायला काहीच लागत नाही. म्हणून मी एक पद्धत काढली. मी क्रियापद म्हणायचं आणि थांबायचं. भुवया वर करायच्या. मग सगळ्या वर्गानं एकदम त्याचा जोडीदार सांगायचा.

"डिपेंड…"

"ऑन!"

"वेट…"

"फॉर!"

"एन्जॉय…"

"आयएनजी!"

खिडक्यांच्या काचा वाजायच्या. बाहेर रेल्वेफाटकाजवळ बैलगाडी उभी असेल, तर बैल कान हलवायचे. महिनाभरात मान खाली घालणारी पोरं ओरडू लागली. दोन महिन्यांत मला नुसत्या भुवया पुरू लागल्या. फक्त लुक म्हटलं की वर्ग फुटायचा, कारण त्याचे जोडीदार अनेक. पुढचे बाक ऍट म्हणायचे, मुली आफ्टर म्हणायच्या, मागून फॉर यायचं. बाजाराच्या दिवशी तीन भाजीवाले एकदम ओरडतात, तसं.

ह्या सगळ्या गोंगाटात एक आवाज बाकीच्यांच्या अर्धा क्षण पुढं असायचा. पहिल्या बाकावरची एस्तेर. डोंगराच्या अंगाला एक लहान गाव आहे, तिथून चालत यायची. माझा शब्द संपायच्या आत तिचं अव्यय हजर. मला त्याचा केवढा अभिमान होता. तो आवाज मी मुद्दाम वाढवला, हे इथं कबूल करतो.

एकदा शिक्षण खात्यातले एक साहेब तपासणीला आले. सफारी, खिशाला दोन पेनं, बरोबर फाइल धरणारा एक माणूस आणि त्या माणसाबरोबर पाण्याची बाटली धरणारा दुसरा. साहेबांनी ठरवलं की मुलांना इंग्रजीतून दोन शब्द सांगावेत.

"चिल्ड्रेन," ते म्हणाले, "आय वॉन्ट…"

"टू!" सत्तर आवाज.

साहेब एक पाऊल मागं सरले. फाइलवाल्यानं फाइल छातीशी धरली.

"…टू टेल यू, दॅट यू मस्ट लिसन…"

"टू!"

"…टू युवर टीचर." साहेबांना आता गंमत वाटू लागली होती. त्यांनी खिशातलं पेन हातात घेतलं, बँडवाल्यासारखं हलवलं आणि म्हणाले, "अँड ऑल ऑफ यू मस्ट लुक…"

पुढं काय झालं ते सांगायला नको. ऍट, आफ्टर, फॉर असे तीन डोंगर एकमेकांवर आदळले, आणि त्या धुरळ्यातून पहिल्या बाकावरून एकच स्वच्छ आवाज आला, "फॉरवर्ड टू!"

साहेब एस्तेरपाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ह्याला म्हणतात नवोपक्रम." शेरेपुस्तकात त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थी अत्यंत सक्रिय.' मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि पुढच्या वर्षी दोन तालुक्यांतल्या इंग्रजी शिक्षकांसमोर हीच पद्धत करून दाखवायची आज्ञा मिळाली. मी दाखवली. त्यांनी उचलली. साथीचे रोग असेच पसरतात, पण त्यांना शाल देत नाहीत.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी निवृत्त होऊन लोणखेड्याला स्थिरावलो होतो. एका दुपारी फाटक वाजलं. तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी, केसांना घट्ट पिन.

"सर, ओळखलं का?"

मी तोंड उघडलं, पण तीच म्हणाली, "एस्तेर. पहिला बाक." मी पुरता बोलायच्या आत. मला ओळख पटली.

आमच्या सौभाग्यवती ह्या तापीकाठच्या शेतकरी घरातल्या. घरात त्या अहिराणीच बोलतात, मीच प्रमाण मराठीत उत्तर देतो. ते माझ्या नोकरीचं व्यंग आहे. त्यांनी "ये माय, बस," म्हणून पाणी दिलं. एस्तेरनं सांगितलं ते असं. ती नर्स झाली होती. सुरतेच्या एका मोठ्या दवाखान्यात आठ वर्षं म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात काम केलं. मग इंग्लंडच्या एका दवाखान्यात जागा निघाली. लेखी परीक्षा पास झाली. कॉम्प्युटरवरून मुलाखत झाली आणि तीत ती नापास झाली.

"इंग्रजी कमी पडलं?" मी विचारलं. प्रश्नात थोडी आशा होती, हे नाकबूल करत नाही. माझ्या हातून ती पक्की होऊन गेली होती, त्यामुळं आता कमी पडलं असतं, तर ते नर्सिंग कॉलेजचं अपयश ठरलं असतं.

"नाही सर, जास्त पडलं." तिनं मोबाइल काढला. "त्यांचं पत्र आलंय. वाचते. कँडिडेट टेंड्स…"

"टू," मी म्हणालो.



"…टू इंटरप्ट," एस्तेर म्हणाली. "सर, तेच झालं. त्या बाई हळू बोलायच्या. हाऊ वुड यू डील, म्हणून कागदाकडे बघायच्या. माझ्या तोंडून विद. आर यू विलिंग, म्हणून चष्मा नीट करायच्या. माझ्या तोंडून टू. मला थांबवताच येईना. अर्धा तास मी त्यांची वाक्यं पुरी करत होते. त्यांनी लिहिलंय, नर्सनं पेशंटचं ऐकून घ्यायचं असतं, ही पेशंटला बोलू देणार नाही."

तिनं मोबाइल पालथा ठेवला. "सर, मी आठ वर्षं म्हाताऱ्या बायकांचंच ऐकत आलेय. गुजरातीत. तिथं असं कधी होत नाही. इंग्रजी ऐकलं, की होतं."

"मंग आते काय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"काकू, त्यांनी अजून एक संधी दिलीय. एकच. तीन आठवड्यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, हे तुम्ही लावलंय. तुम्हीच सोडवा."

तिला का जायचं होतं, हेही मी विचारलं. तिनं पगाराचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "इथं मी डॉक्टरांना उठवते, काय लिहायचं ते सांगते आणि ते लिहितात. तिथं माझं मी लिहीन." 

रजा घेऊन ती जवळच शहाद्याला मावशीकडे राहिली आणि रोज दुपारी आमच्याकडे येऊ लागली. मी नवी योजना आखली. मी मुलाखत घेणारी इंग्रज बाई, ती उमेदवार. मी प्रश्न विचारायचा, तिनं वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प राहायचं.

"मिस एस्तेर, व्हाय डिड यू डिसाइड…"

"टू!"

"पुन्हा. डू यू ऑब्जेक्ट…"

"टू!" आणि तिनं कपाळावर हात मारला.

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी सौभाग्यवती निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही पुरं बोला ना. ती बिचारी काय करी? तुम्ही अर्धं म्हनतस आनि गाडीना बैलना मायक उभा राही जातस."

"मी थांबत नाही," मी म्हणालो.

"थांबतस! भुवया बी वर करतस. घरमा बी तेच. 'मन्हा चष्मा' म्हनीसन थांबी जातस, मंग मी सांगस, टीव्हीवर शे. 'आज भाजी' म्हनीसन थांबी जातस, मंग मी सांगस, मेथी. इतला वरीस व्हयनात, मी बी तुम्हनाच वर्गमा शे."

एस्तेरनं खाली बघितलं. हसू दाबताना ती अजूनही आठवीतल्यासारखी दिसते.

मी त्यांना चुकीचं ठरवण्यासाठी एक पूर्ण वाक्य न थांबता म्हणून दाखवायचं ठरवलं. मी म्हणालो, "हे बघा, मी आता तुम्हाला…" आणि थांबलो. पुढं काय म्हणायचं, ते मला ठाऊक होतं. पण इतकी वर्षं वाक्याचा उत्तरार्ध दुसऱ्यांनी सांभाळला होता. माझ्याकडे तो विभागच नव्हता.

म्हणजे रोग दोघांना होता, आणि वैद्यालाच आधी लागला होता. मी खुर्चीवरून उठलो. तेव्हापासून वर्ग सौभाग्यवतींकडे गेला.

त्यांचा उपाय साधा होता. त्यांनी पाण्याचा पेला आणून एस्तेरच्या हातात दिला. "समोरनं मानूस बोलाले लागनं, की एक घोट तोंडमा धर. त्यानं पुरं व्हयनं, की गिळ. मंग बोल."

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"मन्ही सासूनं लगीन व्हयनं त्याच दिन सांगं. 'मन्हा आंडोर बोलाले लागना, की तोंडमा पानी धरजो.'"

आंडोर म्हणजे मुलगा. त्या मुलाला, म्हणजे मला, हे चाळीस वर्षांनी कळलं. आमच्या संसारात भांडणं कमी झाली, ती माझ्या समंजसपणामुळं, अशी माझी समजूत होती. मी तसं दोन निरोपसमारंभांत बोललोही होतो.

सराव सुरू झाला. इंग्रजी मोबाइलवरून ऐकायचं: परदेशातल्या बायका रेडिओवर बोलतात, तसलं काहीतरी एस्तेरनं शोधून ठेवलं होतं. घोट तोंडात, बाई बोलते आहे, थांबते आहे, एस्तेरचे गाल फुगलेले, डोळे मोठे. पहिल्या दिवशी दोनदा पाणी उडालं, एकदा माझ्या शब्दकोशावर. एफपासून एचपर्यंतची पानं अजून फुगलेली आहेत. मोबाइलला विश्रांती म्हणून सौभाग्यवती स्वतः बोलायच्या. धाकट्या बहिणीच्या घरातली तक्रार, केळीचं वावर, गेल्या साली पापड कसे फसले. एस्तेर घोट धरून ऐकायची. दोन दोन तास. लग्न झाल्यापासून इतकं सलग आपलं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, असं सौभाग्यवतींनी मला नंतर सांगितलं. त्या हे सांगत असताना मी मध्ये बोललो नाही. माझ्या तोंडात पाणी नव्हतं, तरी.

तिसऱ्या आठवड्यात एस्तेरला पेल्याची गरज फक्त अनोळखी आवाज आला की पडू लागली.

मधल्या काळात एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'इतर अवगत भाषा' असा रकाना होता. एस्तेरनं मराठी, हिंदी, गुजराती, मावची आणि अहिराणी लिहून आणल्या. मी तिला जाणकाराचा सल्ला दिला.

"मराठी-हिंदी ठेव. बाकी खोड. इंग्रजीच्या नोकरीला गुजरातीचा काय उपयोग? एवढ्या भाषा बघून त्यांना वाटेल, हिच्या डोक्यात इंग्रजीला जागाच उरली नाही."

"बरं सर," ती म्हणाली.

माझे विद्यार्थी मला नेहमी 'बरं सर' म्हणत. त्यानंतर ते काय करतात, हे बघायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

मुलाखत आमच्याच बैठकीत झाली, कारण तिच्या गावात मोबाइल झाडावर चढवावा लागतो आणि मावशीकडे निवांत खोली नव्हती. दुपारची वेळ. टेबलावर लॅपटॉप, मागं माझं पुस्तकांचं कपाट, उजव्या हाताला काचेचा पेला आणि खाली, पडद्यावर दिसणार नाही असा, तांब्या. मी आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरात. दार बोटभर उघडं. त्या फटीतून पेला तेवढा दिसत होता.

त्याच बाई होत्या. आवाज सावकाश, प्रत्येक शब्दानंतर विचार करणारा. "नाऊ, एस्तेर. हाऊ वुड यू डील…"

पेला टेबलावर परत आलेला होता, घोटभर कमी. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"…विद अ रिलेटिव्ह हू इज व्हेरी अँग्री?"

गिळल्याचा आवाज आला. मग एस्तेरचा, शांत आणि स्वच्छ. तिनं उत्तर दिलं. सुरतेच्या वॉर्डातली एक हकिकत सांगितली. तिच्या सगळ्या जोड्या बरोबर होत्या, पण खरं सांगतो, मी जोड्या मोजायचं मध्येच विसरलो. हकिकत चांगली होती.

असे सात-आठ प्रश्न झाले. पाणी उतरत गेलं. मग बाई म्हणाल्या, "अँड वुड यू माइंड…" आणि लॅपटॉपवरचं चित्र गोठलं. नेटवर्क गेलं होतं. बाईंचं तोंड अर्धं उघडं, शब्द अधांतरी, खोलीभर ती थांबलेली जागा पसरलेली. एस्तेर हलली नाही. दहा सेकंद, पंधरा सेकंद. स्वयंपाकघरात कोणीतरी म्हणालं, "आयएनजी."

मीच होतो. सौभाग्यवतींनी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला आणि वर हात ठेवला.

चित्र हललं. "…वर्किंग नाइट्स?" बाईंनी विचारलं. एस्तेरनं गिळलं आणि नाही म्हणाली, म्हणजे हरकत नाही म्हणाली.

आता संपलं, असं वाटत असतानाच दुसरा आवाज आला. म्हातारा, पुरुषाचा. हा माणूस इतका वेळ त्या बाईंच्या शेजारी गप्प बसला असावा.

"एस्तेरबेन, तमे फॉर्ममां गुजराती लख्युं छे. खरेखर आवडे छे?"

गुजराती लिहिलं आहे, खरंच येतं का, असा त्याचा प्रश्न. मी गुळासकट सौभाग्यवतींकडे बघितलं. एस्तेरनं ते खोडलं नव्हतं.

पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि नंतर तो पुन्हा उचलला गेला नाही.

"आवडे छे, काका! मारा मामानुं गाम ज गुजरातमां."

पुढची पंधरा मिनिटं आम्ही जे ऐकलं, त्याला मुलाखत म्हणता येणार नाही. काका तिचं वाक्य मध्येच तोडत होते, ती काकांचं वाक्य पुरं करत होती, दोघं एकदम बोलत होते, हसत होते. काकांनी त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल काही सांगितलं, तेव्हा मात्र ती पूर्ण गप्प राहिली. पाण्याशिवाय.

"आते पानी नही लागनं," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या आणि माझ्या तोंडावरचा हात काढला.

निवड झाल्याचं पत्र महिन्याभरात आलं. त्यात म्हटलं होतं, उमेदवार शांत आहे आणि समोरच्याचं लक्षपूर्वक ऐकून घेते. पेल्याचा उल्लेख नव्हता.

खांडबाऱ्याच्या शाळेनं माझा आणि तिच्या आईचा सत्कार केला. आई डोंगरावरच्या शेतातून थेट आल्या होत्या. त्यांनी शाल घेतली, नारळ बघितला आणि शेजारच्या बाईला मावचीत काहीतरी विचारलं. त्या दोघी पुष्कळ हसल्या. मला कळलं नाही. मी त्या गावात नऊ वर्षं शिकवलं आहे. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं, की आमच्या सरांनी शिकवलेल्या अव्ययांच्या बळावर आमची लेक सातासमुद्रापार गेली. टाळ्या पडल्या. मी उठून ते खरं नाही असं सांगायला हवं होतं. मी उठलो, "मित्रहो, मला…" म्हणालो आणि थांबलो. सभेनं ते गहिवरल्याचं लक्षण समजून आणखी टाळ्या वाजवल्या. मी बसलो.

एस्तेर तिथं रुजू होऊन आता वर्ष झालं. मधूनमधून रविवारी तिचा फोन येतो. आधी काकूंशी बोलते, मग माझ्याशी. गेल्या रविवारी मी विचारलं, की तिकडे जोड्यांचा उपयोग होतो का. तिनं सांगितलं, तिच्या वॉर्डात अठरा खाटा आहेत. पंधरा खाटांवर गुजराती आज्ज्या आहेत. उरलेल्या तिघी इंग्रज आहेत, आणि त्यांतल्या दोघींना ऐकू येत नाही.